सांपडलें, पण कोणाचें?

नेरूळ येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखालीं कांचेच्या पेटींतला एक सूचनाफलक आहे. मी त्या संस्थेचा सभासद असून तिच्या जमाखर्चाच्या कामांत अधूनमधून हात घालतों, म्हणून त्या फलकाकडे माझें सहज लक्ष जातें. एके दिवशीं सकाळीं त्यावर थकबाकीदारांची यादी लागली आणि तींत दुसऱ्या मजल्यावरील २०३ क्रमांकाचें घर होतें. त्या घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्ध काकूंना सारी इमारत ओळखते. पांच तारखेच्या आंत वर्गणी भरावयाची, पावती घ्यावयाची आणि ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत जपून ठेवावयाची, हा त्यांचा नेम. त्या डबा घेऊनच खालीं आल्या आणि बारा महिन्यांच्या बारा पावत्या त्यांनीं टेबलावर एकापुढें एक मांडल्या. खजिनदारांनीं संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखविलें. तेथें जमेच्या रकान्यांत शून्य होतें. "संगणक खोटें कशाला सांगेल?" असें ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत उद्धटपणा मुळींच नव्हता. त्यांना खरोखरच तसें वाटत होतें. त्या दिवशीं संगणकानें जें सांगितलें तें कां सांगितलें, आणि तसली चूक हुडकून कशी काढावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडील जुन्या जमाखर्चांत दोन वह्या मुख्य असत, कीर्द आणि खतावणी. व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें तो कीर्दींत लिहावयाचा आणि मागाहून ज्याचें त्याच्या खात्यावर खतावणींत उतरावयाचा. कारकून कीर्दींतलें नांव वाचतो, खतावणीची अनुक्रमणिका पाहतो, नेमकें पान उघडतो आणि तेथला आंकडा घेऊन परत येतो. संगणकाच्या कोष्टकांत ज्याला 'व्हीलुकअप' म्हणतात तें सूत्र हेंच काम करतें. उभ्या रकान्यांत वरून खालीं शोधावयाचें, एवढाच त्या 'व्ही'चा अर्थ. ही कल्पना नवी नाहीं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनीं १९७९ सालीं 'व्हिजिकॅल्क' नांवाचें संगणकीय कोष्टक लोकांपुढें आणलें, त्यांतही शोधाचें सूत्र होतें. १९८५ सालीं निघालेल्या एक्सेलनें तें घरोघरच्या संगणकांवर नेऊन पोंचविलें. आज नव्या मुंबईंतील कोणत्याही कचेरींत, दुकानांत किंवा सोसायटींत जा, हिशेबाच्या पोटांत कोठें ना कोठें हें सूत्र बसलेलें असतेंच.

या सूत्राला चार गोष्टी सांगावयाच्या असतात. काय शोधावयाचें, कोणत्या कोष्टकांत शोधावयाचें, सांपडल्यावर कितव्या रकान्यांतला मजकूर उचलून आणावयाचा, आणि तंतोतंत जुळेल तेंच घ्यावयाचें कीं जवळपासचेंही चालेल. पहिल्या तीन गोष्टींपैकीं एखादी राहिली तर सूत्र अडून बसतें. चौथी मात्र सांगितली नाहीं तरी तें कुरकुर न करतां चालतें. आणि सारी गोम येथें आहे. मौनाला संमति समजून तें 'जवळपासचें चालेल' असें गृहीत धरतें.

जवळपासचें उत्तर मागण्याची वेळ तरी कां यावी, असें आपण विचाराल. वेळ येते. प्राप्तिकराची जुनी पद्धति घ्या. तिच्या कोष्टकांत अडीच लाख, पांच लाख, दहा लाख अशा पायऱ्या असतात. एखाद्याचें उत्पन्न सहा लाख चाळीस हजार असेल तर तो आंकडा कोष्टकांत सांपडणार नाहीं; तेथें पांच लाखांची पायरी धरावयाची. अशा कामासाठीं 'मागितलेल्यापेक्षां मोठा नसलेला सर्वांत मोठा आंकडा आण' हा नियम उत्तम आहे. पण हा नियम पाळण्याकरितां सूत्र जी शोधाची रीति वापरतें, तिची एक अट आहे: कोष्टक लहानाकडून मोठ्याकडे लावलेलें असलें पाहिजे. शब्दकोश पाहतांना आपण पहिल्या पानापासून वाचीत नाहीं. मधलें पान उघडतों, आपला शब्द पुढें आहे कीं मागें हें ठरवितों, आणि अर्धा कोश बाजूला सारतों. सूत्रही तसेंच करतें. शब्दकोशाचीं पानें कोणी विसकटून बांधलीं असलीं तर काय होईल, तें पाहूं या.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर सात आंकडे एकाखालीं एक लिहा: १०१, १०४, २०३, १०२, ३०२, २०१, ३०३. आमच्या संस्थेच्या सभासद-नोंदवहीचा क्रम असाच आहे. कारण तींत नांवें घरांच्या क्रमानें नव्हेत, तर सभासदत्व मिळाल्याच्या क्रमानें चढलेलीं आहेत. समजुतीसाठीं मीं सातच घरें घेतलीं आहेत. आतां यांत २०३ शोधा, पण त्या यंत्राच्या रीतीनें. मधला म्हणजे चौथा आंकडा १०२. तो २०३ पेक्षां लहान. म्हणून आपलें घर खालच्या अर्ध्यांत असणार, असें यंत्र ठरवितें आणि वरचे तीन आंकडे कायमचे सोडून देतें. त्या तिहींतच २०३ आहे! खालच्या तिहींतला मधला २०१. तोही लहान, म्हणून आणखी खालीं. शेवटचा ३०३, हा मोठा. तेव्हां जवळांत जवळचा, मोठा नसलेला आंकडा २०१ ठरला, आणि यंत्रानें २०१ च्या ओळींतली जमा आणून २०३ पुढें ठेवली. २०१ चे मालक वर्षभर परगांवीं होते आणि त्यांची जमा शून्य होती.

हें सारें मीं खजिनदारांना त्याच टेबलावर, काकूंच्या समक्ष, कागदावर करून दाखविलें. संगणक खोटें बोलला नव्हता. 'जवळचें घर चालेल काय?' या न विचारलेल्या प्रश्नाला आपण न दिलेलें 'हो' हें उत्तर त्यानें मानलें होतें. सूत्राच्या शेवटीं 'फॉल्स' हा शब्द, किंवा नुसतें शून्य, घातलें कीं तें तंतोतंत जुळणारेंच घर शोधतें. २०१९ सालीं आलेल्या 'एक्सलुकअप' या नव्या सूत्रांत तंतोतंत हाच मूळचा नियम केलेला आहे. ज्यांच्याकडे तें असेल त्यांनीं तेंच वापरावें. जुन्या फायली मात्र जुन्या सूत्रावरच चालतात, आणि त्या वर्षानुवर्षें एका खजिनदाराकडून दुसऱ्याकडे वारशानें जात असतात.

सुधारलेलें सूत्र खालपर्यंत उतरविलें आणि काकूंच्या ओळींत बाराही महिन्यांची वर्गणी आली. परंतु त्याचबरोबर दुसरा एक चमत्कार झाला. ज्या नऊदहा घरांपुढें कालपर्यंत व्यवस्थित आंकडे दिसत होते, त्यांच्यापुढें '#एन/ए' हें चिन्ह उभें राहिलें. "आतां तर होतें तेंही बिघडलें!" असें खजिनदार म्हणाले. मला वाटतें, या विषयांतला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. '#एन/ए' याचा अर्थ 'मजजवळ हें नाहीं' इतकाच. हें यंत्राचें प्रामाणिक उत्तर आहे. कालचे व्यवस्थित दिसणारे आंकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते. आज यंत्र खरें बोलूं लागलें होतें. आतां तीं घरें डोळ्यांना दिसत असून यंत्राला कां दिसत नव्हतीं, तें शोधावयाचें राहिलें.

बहुतेक वेळां याचें कारण असें असतें, कीं जें आपणांस आंकडा वाटतें तें यंत्राच्या लेखीं अक्षर असतें. बँकेच्या उताऱ्यांतून उतरलेला २०३ हा पुष्कळदां 'दोन, शून्य, तीन' अशीं तीन अक्षरें असतो, आणि नोंदवहींतला २०३ ही संख्या असते. माणसाला दोन्ही एकच. सूत्राला दगड आणि दगडाचें चित्र यांत जितका फरक, तितका. कोणी मुद्दाम बाजू बदलली नसेल तर संख्या आपल्या चौकोनांत उजवीकडे टेकून उभी राहते आणि अक्षरें डावीकडे. पहिला संशय डोळ्यांनीं घ्यावा तो एवढ्यावरून. याहून पक्की परीक्षाही आहे. 'काउंटइफ' हें मोजदादीचें सूत्र संख्या आणि तिचें अक्षररूप यांत भेद करीत नाहीं. तेव्हां काउंटइफ म्हणतें 'एक आहे' आणि व्हीलुकअप म्हणतें 'नाहीं', असें झालें, कीं निदान बहुधा ठरलेंच: एका बाजूला संख्या आहे, दुसऱ्या बाजूला अक्षरें. दोन्ही बाजू एकाच जातीच्या करून घ्याव्यात.

कोणत्या जातीच्या कराव्यात? ज्यावर बेरीज-वजाबाकी करावयाची नाहीं तें अक्षर समजावें, असें माझें मत आहे. घराच्या क्रमांकाची बेरीज कोण करतो? टेलिफोनचा क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर ०२२ मधलें आरंभींचें शून्य गळून पडतें. सोळा आंकड्यांचा क्रमांक संख्या म्हणून ठेवला तर एक्सेल पंधरा आंकडेच खरे धरतें आणि सोळाव्याच्या जागीं शून्य घालतें. तो गेलेला आंकडा मग परत येत नाहीं. पिनकोड या बाबतींत भाग्यवान आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशभर सुरू झालेली ही पद्धति श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच प्रांतांतल्या गृहस्थांनीं आंखली. ते डाक खात्यांतले मोठे अधिकारी आणि संस्कृतांतले कवि होते. त्यांच्या सहा आंकड्यांत पहिला आंकडा विभागाचा आणि तो एकपासून नऊपर्यंत. शून्यानें आरंभ होणारा पिनकोडच नाहीं. म्हणून वाशीचा ४००७०३ किंवा नेरूळचा ४००७०६ कोणत्याही कोष्टकांतून डोकें शाबूत ठेवून बाहेर येतो. तरी एका यादींत तो संख्या व दुसरींत अक्षरें असला, तर जुळावयाचा नाहींच.

घराच्या क्रमांकांत तिरकी रेघ असली कीं आणखी एक गंमत होते. ५/१२ असें लिहिलें कीं एक्सेल ती तारीख समजतें आणि पांचव्या इमारतींतलें बारावें घर वर्षाच्या एका दिवसांत रूपांतर पावतें. हा त्रास केवळ आमच्यासारख्या कारकुनांना आहे असें नाहीं. जीवशास्त्रज्ञांनीं कांहीं जनुकांना दिलेलीं संक्षिप्त नांवें मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी नांवांसारखीं होतीं, आणि कोष्टकें त्यांच्या तारखा करीत. शेवटीं २०२० सालीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनें अशीं नांवेंच बदलून टाकल्याचें जाहीर केलें. शास्त्रज्ञांनीं यंत्रापुढें हात टेकले. आम्ही निदान तो रकाना आधींच 'अक्षरांचा' असें ठरवून ठेवूं शकतों.

आणि मोकळी जागा! नांवाच्या शेवटीं बोटाच्या चुकीनें पडलेली एक रिकामी जागा डोळ्याला दिसत नाहीं, पण यंत्र ती मोजतें. ट्रिम नांवाचें सूत्र अशा जागा काढून टाकतें. परंतु संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरांत दुसऱ्या जातीची एक जागा असते, तिचा सांकेतिक क्रमांक १६०; तिला ट्रिम हात लावीत नाहीं. तिचा क्रमांक सांगून ती वेगळी काढावी लागते. 'लेन' या सूत्रानें दोन्हीकडील अक्षरें मोजून पाहणें हा सोपा उपाय. 'नेरूळ' एकीकडे पांच आणि दुसरीकडे सहा भरलें, कीं सहावें कोण आहे याचा तपास करावयाचा.

आपल्या मराठीपुढें तर याखेरीज स्वतंत्र संकटें आहेत, आणि त्यांची वास्तपुस्त इंग्रजी पुस्तकांत फारशी सांपडत नाहीं. 'ॲड.' हा वकिलांच्या नांवामागचा शब्द घ्या. त्यांतला पहिला वर्ण युनिकोडच्या संकेतांत एक अखंड अक्षर म्हणून २००८ सालीं आला. त्यापूर्वीं, आणि पुष्कळांच्या हातून अजूनही, तो 'अ' आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनीं लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपें बहुधा एकसारखीं दिसतात. मोजलीं तर, पूर्णविराम सोडून, पहिलें दोन भरतें आणि दुसरें तीन. 'ऑफिस'च्या शिपायाला दिसणारें साम्य सूत्राला दिसत नाहीं. देवनागरी ४ आणि रोमन लिपींतला चार हेही यंत्राच्या दृष्टीनें निरनिराळीं चिन्हें आहेत. कोणी 'नेरुळ' ऱ्हस्व लिहितो, कोणी 'नेरूळ' दीर्घ. दोघेही एकाच स्टेशनावर उतरतात, पण कोष्टकांत तीं दोन गांवें होतात. आणि युनिकोडपूर्वींच्या टंकांत लिहिलेल्या जुन्या याद्या तर मूर्तिमंत मायाच म्हणावयाच्या. पडद्यावर मराठी नांव दिसतें. आंत मात्र भलत्याच अक्षरांचा गोंधळ साठविलेला असतो, आणि टंक बदलला कीं तो उघडा पडतो. अशी यादी आधीं युनिकोडमध्यें उतरवून घेतल्यावांचून तिच्याशीं कसलाही शोध जुळवूं नये.

येथपर्यंत न सांपडण्याच्या गोष्टी झाल्या. पण आमच्या सोसायटीचें प्रकरण ऐकून एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोंच औषधें नेऊन देणाऱ्या एका मंडळानें मला बोलाविलें, आणि तेथें मला याच्या उलट दुखणें पाहावयास मिळालें. त्यांच्याकडे दोन याद्या होत्या. एकींत वृद्धांचीं नांवें व पत्ते, दुसरींत स्वयंसेवकांचीं नांवें आणि ते कोणत्या सेक्टरांत काम करतात तें. दोन्ही याद्या सेक्टरच्या क्रमांकावर जुळवून कोणाकडे कोणीं जावयाचें हें काढीत. नेरूळच्या सेक्टर १० मधल्या एका आजोबांचीं रक्तदाबाचीं औषधें दोन दिवस पोंचलीं नाहींत, कारण त्यांच्या नांवापुढें जो स्वयंसेवक आला तो खारघरच्या सेक्टर १० मधला होता. त्यानें आपल्या सेक्टरांत इमारत शोधली, ती नव्हती, आणि पत्ता चुकीचा असावा असें समजून तो परत गेला.

नवी मुंबई ज्यांना परिचयाची नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली आणि १७ मार्च १९७० रोजीं त्या कामासाठीं सिडको ही संस्था स्थापन झाली. हें शहर एकसंध नसून वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर अशा 'नोड' म्हणविल्या जाणाऱ्या उपनगरांचें बनलेलें आहे, आणि प्रत्येक नोडमध्यें सेक्टरांची मोजणी पुन्हां एकपासून सुरू होते. सेक्टर १० वाशींत आहे, नेरूळमध्यें आहे, ऐरोलींत आहे, कोपरखैरण्यांत आहे, खारघरमध्येंही आहे. इतकेंच काय, नेरूळ ठाणें जिल्ह्यांत आणि खारघर रायगड जिल्ह्यांत. पहिल्याचा पिनकोड ४००७०६, दुसऱ्याचा ४१०२१०. पहिलें १९९२ सालीं सुरू झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत, तर दुसरें २०१६ सालच्या पनवेल महानगरपालिकेच्या. टपालवाल्याला हें सांगावें लागत नाहीं. सूत्राला सांगावें लागतें, कीं 'सेक्टर १०' ही खूण एकट्या एका जागेची नव्हे.

अशा वेळीं व्हीलुकअप जो पहिला भेटेल त्याला घेऊन येतें आणि उरलेल्यांविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. मंडळाच्या एका हुशार मुलीनें हें काम पुढें पॉवर क्वेरी या साधनांत नेलें होतें. तेथें याद्या जोडण्याची रीति निराळी आहे. एका खुणेला पांच जोडीदार असले तर तें पांचही आणतें आणि एका वृद्धाच्या पांच ओळी होतात. साठ माणसांची यादी पाहतां पाहतां दोनशेंच्या वर गेली, आणि औषधांची बेरीजही तितकीच फुगली. ती बिचारी घाबरली. मी तिला म्हटलें, हा गोंधळ व्हीलुकअपच्या शांततेपेक्षां शतपटीनें बरा. निदान तो दिसतो. पॉवर बीआय मधलें 'लुकअपव्हॅल्यू' हें सूत्र तर याहून कडक आहे. एकाच्या जागीं अनेक निरनिराळीं उत्तरें सांपडलीं तर तें काम थांबवून तशी तक्रार करतें. जोडणीच्या आधीं आणि नंतर ओळी मोजाव्या, एवढी एक संवय लावून घेतली तरी निम्मे घोटाळे तेथल्या तेथें उघडकीस येतात.

त्याच यादींत आणखी एक फसवा खड्डा होता. वाशींत सेक्टर ९ ए, १० ए, १६ ए असे अक्षरपुच्छ असलेले सेक्टर आहेत. पॉवर क्वेरी एखाद्या रकान्यांत संख्या आहेत कीं अक्षरें हें आपणहून ठरवितें, पण त्यासाठीं साधारणतः पहिल्या दोनशें ओळीच पाहतें. स्वयंसेवकांची यादी बरीच मोठी होती आणि आरंभीं सगळे सेक्टर नुसत्या आंकड्यांचे होते. म्हणून तो रकाना संख्यांचा ठरला. पुढें १६ ए आला, तो संख्या होईना. त्याजागीं चूक नोंदली गेली, आणि कोष्टकांत उतरतांना तो चौकोन रिकामा राहिला. १६ ए मधले सगळे स्वयंसेवक असे अदृश्य झाले. आपोआप झालेली ती पायरी खोडून रकाना अक्षरांचा केला, तेव्हां ते परत आले.

मग खूण कोणती करावी? आम्हीं नोड आणि सेक्टर यांची जोडखूण केली, आणि दोहोंमध्यें एक आडवी रेघ घातली. ही रेघ विसरूं नये. सेक्टर आणि इमारत हे दोन आंकडे नुसते चिकटविले तर सेक्टर १ मधली १२ वी इमारत आणि सेक्टर ११ मधली दुसरी इमारत या दोघींचेंही ११२ होतें. नोडचीं नांवेंही एका साच्यांत आणावीं लागलीं. कोपरखैरणे हें नांव रोमन लिपींत लोक तीनचार तऱ्हांनीं लिहितात, कोणी त्याचे दोन शब्द करतात. शिवाय व्हीलुकअपला रोमन लिपींतलीं मोठीं आणि लहान अक्षरें सारखींच, पण पॉवर क्वेरीला तीं भिन्न. एकांत जुळलेली यादी दुसऱ्यांत जुळत नाहीं, याचें कारण कित्येकदां एवढेंच असतें. 'साधारण सारखें असेल तर जुळव' अशीही एक सोय त्या साधनांत आहे. नांवें सुचविण्यापुरती ती ठीक. पण तिच्या भरंवशावर औषधें पाठवूं नयेत. घाईंत वाचणाऱ्या माणसालाही बेलापूर आणि बदलापूर एक वाटूं शकतात.

सूत्र खालीं उतरवितांना होणाऱ्या दोन चुका थोडक्यांत सांगतों. कोष्टकाची चौकट डॉलरच्या चिन्हांनीं खिळवून ठेवली नाहीं तर सूत्र एक ओळ खालीं गेलें कीं चौकटही एक ओळ घसरते, आणि वरचीं नांवें एकेक करून शोधाबाहेर पडतात. यादीच्या आरंभीं सारें बरोबर आणि खालीं खालीं '#एन/ए' वाढत गेलेले दिसले, तर प्रथम हें पाहावें. दुसरें, 'तिसऱ्या रकान्यांतला मजकूर आण' असें सांगितलेलें असतें आणि कोणी सद्‍गृहस्थ मध्येंच एक नवा रकाना घालतात. सूत्र आज्ञाधारकपणें तिसराच रकाना आणीत राहतें. फक्त तेथें आतां वर्गणीच्या जागीं मोटारगाडीचा क्रमांक असतो.

यानंतर एका सूत्राविषयीं मला स्पष्ट बोलावयाचें आहे, तें म्हणजे 'इफएरर'. कोणतीही चूक आली तर तिच्याऐवजीं शून्य किंवा कोरी जागा दाखवावी, अशी यानें सोय होते. पत्रक वरिष्ठांपुढें ठेवतांना '#एन/ए' ची रांग कोणाला नको असते, हें मी समजूं शकतों. पण 'सांपडलें नाहीं' आणि 'भरलें नाहीं' यांत केवढें अंतर आहे! पहिल्याची जबाबदारी यादी ठेवणाऱ्यावर, दुसऱ्याची भरणाऱ्यावर. त्या पांघरुणाखालीं पहिली गोष्ट दुसरी होऊन बसते आणि बोलणीं खावीं लागतात ती यादी ज्यानें कधीं पाहिलीही नाहीं त्याला. सारे तपास संपल्यावर, आणि तेंही शून्याऐवजीं 'नोंद सांपडली नाहीं' असे शब्द घालून, तें वापरण्यास माझी हरकत नाहीं.

आमच्या सोसायटीच्या पत्रकांत आतां हेच शब्द येतात. त्या नऊदहा घरांपैकीं सहांच्या क्रमांकामागें रिकामी जागा होती, दोघांचे क्रमांक अक्षरांत होते, आणि एका घराची नोंद खरोखरच नोंदवहींत कोणीं चढविलेलीच नव्हती. त्या गृहस्थांची वर्गणी गेलीं चार वर्षें बिनबोभाट येत होती. फलकावरची यादी त्याच दुपारीं काढली आणि तिच्या जागीं खजिनदारांनीं स्वतःच्या सहीनें दुरुस्तीची सूचना लावली. काकूंनीं ती चष्मा लावून दोनदां वाचली. मग त्यांनीं पावत्या तारखेवार लावून डब्यांत ठेवल्या आणि पुढच्या महिन्याची पावती केव्हां मिळेल असें विचारलें. आतां पावती फोनवरच येते, असें खजिनदारांनीं त्यांना सांगितलें. "ती येऊं दे," त्या म्हणाल्या, "मला कागदाची पण द्या."